समान पाण्याचे एकोणीस दिवस

आबा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला होते आणि आमच्याच नळाला पाणी यायचं नाही. पुढं नोकरीत असताना हे मी कितीतरी जणांना सांगितलं आणि प्रत्येक जण हसला. घरी मात्र त्यावर कुणी हसल्याचं मला आठवत नाही. गावाचं नाव मी सांगत नाही. साताऱ्याहून सांगलीकडं निघालात की मधे कुठंतरी लागतं, एवढं पुरे. तिथली नगरपालिका अजून आहे, आणि एखाद्याच्या निषेधाचा ठराव करायला तिला पाच मिनिटं लागतात.

गाव उतारावर वसलेलं. खाली पेठ, बाजार, नगरपालिकेची दगडी इमारत आणि नगराध्यक्षांचा बंगला. वर टेक, आणि टेकावर आमची आळी. पाण्याची टाकी टेकाच्याच पलीकडच्या खांद्यावर, आमच्या आळीपेक्षा थोडी उंच. म्हणजे टाकी आम्हाला रोज दिसायची. उन्हात तिच्या भिंतीवरून पाझरलेलं पाणी चमकताना दिसायचं. पण खालच्या चाव्या उघडल्या की सगळं पाणी उताराला धावायचं आणि आमच्याकडं फिरकायचंही नाही. आमच्या वाट्याला दहा मिनिटं होती, त्यातली पहिली चार नुसती हवा. नळ आधी खोकायचा, मग शीळ घालायचा, मग करंगळीएवढी धार यायची, आणि घागरीचा तळ झाकला न झाकला तोच ती जायची. आईनं त्या नळाला शेवटी शेळी बांधायला सुरुवात केली होती. नळाचा पाइप मजबूत होता, त्याबद्दल तक्रार नव्हती.

आबांचं नाव बिरू. अख्खं गाव त्यांना बिरू वॉलमन म्हणायचं. ते मूळचे पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. थोरले काका मिलिटरीत गेले, आबा चौथीनंतर शाळा सोडून मेंढरांमागं आणि तिथून या गावात आले. पहाटे उठून आधी हुलग्याचं माडगं प्यायचे. आई ते मातीच्या गाडग्यात चुलीच्या वैलावर ठेवायची, आणि वरून लसणाची फोडणी पडली की आम्ही झोपेतही नाक वर करायचो. मग सायकलला वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी बांधायची, मनगटावर काकांनी दिलेलं घड्याळ चढवायचं आणि उतारावरून निघायचं. चावी सायकलच्या दांडीवर खणखणत जायची. खालच्या पेठेतल्या बायका त्या आवाजावर उठायच्या. आमच्या आळीतल्या बायका तो आवाज दूर जाताना ऐकायच्या आणि रिकाम्या घागरी घेऊन त्याच्या मागोमाग खाली उतरायच्या, पेठेच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला. त्या रांगेत आई उभी असायची. तिच्या पुढं किंवा मागं हिराक्का. हिराक्का भाजी विकायची, नवरा कधीच गेलेला. "तुजा न्हवरा चावी घिऊन फिरतोय का चमचा," असं ती आईला रोज विचारायची. आई घागर डोक्यावर घेऊन वर यायची आणि आबांच्या वाटणीची भाकरी जरा जोरात थापायची.

आबांना कुठल्या आळीला किती वेळ पाणी, हे लिहून कुणी दिलं नव्हतं. सगळं तोंडी. पेठेला तीन तास, कारण नगराध्यक्ष भाऊसाहेब पेठेत राहतात. भाऊसाहेबांच्या पुतण्याच्या लॉजला त्याहून अर्धा तास जास्त. बाजाराला दीड तास. कुणाकडं लग्न असलं की नगरसेवकाची चिठ्ठी यायची, "बिरू, आज आमच्या गल्लीकडे लक्ष असू दे." ते लक्ष घड्याळात मोजलं जायचं. यातलं काहीही न करता आपल्या मनानं पाणी सोडायचं म्हटलं, तर आबांना ते परवडणारं नव्हतं. ते रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायचा विषय अकरा वर्षं सभेच्या विषयपत्रिकेवर होता आणि अकरा वर्षं त्याच्याखाली एकच वाक्य लिहिलं जात होतं, "सदर विषय पुढील सभेत ठेवण्यात यावा." मी ते वाक्य लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की मला वाटायचं, पुढील सभा नावाची एक वेगळी सभा असते आणि ती अजून कुणी बघितलेली नाही.

सभा मात्र भरायच्या, आणि त्यात निर्णय व्हायचे. आमच्या नगरपालिकेला निर्णय घ्यायची भीती कधीच वाटली नाही. दर पावसाळ्यात मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करण्याचा ठराव व्हायचा आणि ती कुत्री पायऱ्यांवर झोपलेली असायची. एका वर्षी बागेसाठी "फुले तोडू नयेत" अशा बारा पाट्या करून घेतल्या. बाग व्हायची होती, बागेची जागासुद्धा ताब्यात यायची होती. पाट्या नगरपालिकेच्या व्हरांड्यात उभ्या होत्या आणि तिथं फुलं तोडणारं कुणी नव्हतं, त्यामुळं त्या यशस्वी झाल्या असंच म्हणावं लागेल. बायकांच्या राखीव जागांवर नगरसेविका निवडून आल्या तेव्हा त्यांचे नवरे त्यांच्या खुर्च्यांमागं उभे राहून बोलायचे. नवीन आलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. बाहेरगावचा तरुण माणूस होता, चष्मा लावायचा, गावाची रीत त्याला माहीत नव्हती. सभेनं त्या हरकतीची गांभीर्यानं दखल घेतली आणि नवऱ्यांना बसायला एक लाकडी बाक मंजूर केला.

त्या उन्हाळ्यात टेकावरच्या बायकांनी हंडा मोर्चा काढला. पुढं हिराक्का. आई गेली नाही. नवरा पालिकेत, म्हणून ती दारात उभी राहून बघत होती. मी अकरावीत होते, मी गेले. बायकांनी रिकामे हंडे नगरपालिकेच्या पायऱ्यांवर आपटले. तो आवाज दगडी इमारतीत असा घुमला की आतले कारकून खिडक्या लावून घ्यायला लागले. भाऊसाहेब बाहेर आले, हात जोडले. निवडणूक चार महिन्यांवर होती. "टेकावरच्या माझ्या भगिनी तहानलेल्या असताना माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही," असं ते म्हणाले. हिराक्का म्हणाली, "मग उतरत न्हाई ते आमास्नी द्या." त्याच दिवशी तातडीच्या सभेत भाऊसाहेबांनी स्वतः ठराव मांडला, शहरातील सर्व भागांस समान वेळ पाणी सोडण्यात यावे. सर्वानुमते मंजूर. टाळ्या वाजल्या. बायका परत निघाल्या आणि सभागृहात चहा आला.

एरवी हा ठराव त्या चहाबरोबरच संपला असता. पण चष्मेवाल्या मुख्याधिकाऱ्यांनी त्याची प्रत काढली, तिच्यावर "अंमलबजावणीसाठी" असं लिहिलं आणि पाणीपुरवठ्याकडं पाठवली. तिथले इंजिनिअर रजेवर होते. शिपायानं कागद आबांच्या हातात दिला आणि पोच म्हणून सही घेतली. आबा तो कागद संध्याकाळी घरी घेऊन आले. सदऱ्याच्या आत, छातीशी धरून. जेवण बाजूला ठेवून मला म्हणाले, "सुमे, वाच."

मी वाचलं.

"परत वाच. सावकाश."

मी परत वाचलं. आबांनी विचारलं, "समान म्हंजे?"

"सारखं."

"सगळ्यांस्नी?"

"सर्व भागांस, असं लिहिलंय. म्हणजे सगळ्यांना."

"पेठंलाबी आणि टेकालाबी?"

"व्हय."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आवं, ते कागदावरचं असतंय. तुमी नगा डोस्क्यात घिऊ."

आबा कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अकरा वर्सं तोंडी सांगण्यावर पाणी सोडलं. ज्यानं सांगितलं त्याचं ऐकलं. आज पयल्यांदा कागद आलाय, आगं. कागदाचं न्हाई ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं?"

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी मला वही आणायला लावली. टाकी किती तासांत रिकामी होते ते त्यांना पाठ होतं. गावाचे भाग किती, तेही पाठ होतं. मी भागाकार केला. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. आबांनी मला तो भागाकार दोनदा तपासायला लावला, कारण त्यांना एवढं पाणी गावात आहे यावर विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खालच्या सगळ्या चाव्या बंद केल्या आणि आमची उघडली. नळाला शेळी बांधलेली होती. पाइप आतून गुरगुरायला लागला, तशी शेळी मागं सरून दावं ताणून उभी राहिली. मग नळाची तोटी थरथरली, हवेचा एक मोठा फुत्कार आला, गढूळ तांबडं पाणी उडालं आणि त्यामागून हाताच्या मनगटाएवढी स्वच्छ धार. आई भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आली. ती नळाकडं बघत उभी राहिली, पळाली नाही, ओरडली नाही. घागर भरली, हंडा भरला, कळशी भरली, मग पातेली, परात, शेवटी चहाचे कपसुद्धा. आळीभर तेच चाललं होतं. सगळ्यांना वाटत होतं हे आत्ता जाईल. वीस मिनिटांनी सगळी भांडी भरली आणि पाणी चालूच होतं, तेव्हा बायका काय करावं ते न कळून एकमेकींकडं बघायला लागल्या. आईनं अंबाडा सोडला आणि नळाखाली बसून भर दिवसा, आळीसमोर, डोक्यावरून पाणी घेतलं. तिचे केस इतके लांब आहेत हे मला त्या दिवशी कळलं. हिराक्का आमच्या दारात आली. तिच्या दोन्ही हातांत भरलेले तांबे होते, ते ठेवायला तिला घरात जागा उरली नव्हती. "तुजा न्हवरा," ती आईला म्हणाली, आणि पुढं काहीच बोलली नाही.

पेठेत त्याच दिवशी हाहाकार उडाला होता. पेठेतल्या लोकांनाही चाळीस मिनिटं पाणी आलं होतं, आमच्याइतकंच, त्याच टाकीतलं. पण तिथल्या घरांत पाणी साठवायला भांडी नव्हती. त्यांना कधी लागलीच नव्हती. लॉजवरच्या गिऱ्हाइकांनी साबण लावलेल्या अंगानं आरडाओरडा केला. भाऊसाहेबांची जीप तीन दिवस न धुता उभी होती आणि येणारेजाणारे तिच्या काचेवर बोटानं नावं लिहीत होते. चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली, "शहरात तीव्र पाणीटंचाई." मी ती आबांना वाचून दाखवली. टाकी तीच, पाणी तेवढंच, आणि आम्ही आयुष्यात पहिल्यांदा रोज अंघोळ करत होतो. आबा म्हणाले, "टंचाई झाली खरी. ती आधी वर हुती, आता खाली गेली. खाली पेपरवाला ऱ्हातो."

मग निरोप सुरू झाले. आधी शिपाई, मग कारकून, मग भाऊसाहेबांचा पुतण्या. आबा सगळ्यांना सदऱ्याच्या आतला कागद दाखवायचे. तो घामानं भिजू नये म्हणून आईनं त्याला साखरेच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. इंजिनिअरांनी रजा वाढवली. मुख्याधिकारी म्हणाले, ठराव सभेचा आहे, मी त्याच्या विरुद्ध तोंडी कसं सांगणार. शेवटी एका दुपारी भाऊसाहेब स्वतः टेकावर आले. आमच्या आळीत ते निवडणुकीशिवाय कधी आले नव्हते, त्यामुळं पोरं जीपभोवती जमून चिन्ह विचारायला लागली.

भाऊसाहेब आमच्या बाजेवर बसले. आबा उभे. "बस रं बिरू, उबा का?" आबा उंबऱ्यावर बसले. आईनं चहा केला. भाऊसाहेबांनी घोट घेतला, चांगला झालाय म्हणाले.

"नळाच्या पाण्याचा हाय," आई म्हणाली.

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "बिरू, तू टेकावर चाळीस मिनटं सोडतोस म्हणं."

"ठराव हाय साहेब."

"ठराव माझाच हाय रं. मला ठावं न्हाई व्हय? पण सगळ्याच गोष्टी कागदाबरहुकूम केल्या तर गाव चालंल का? तू शहाणा माणूस. थोडं मागंपुढं बघून सोडायचं."

"मग तसं लिहून द्या. पेठंला तीन तास, टेकाला धा मिनटं. उद्यापासनं तसं सोडतो. माझं काय न्हाई."

शेळी रवंथ करत होती, तेवढाच आवाज. भाऊसाहेब हसले. त्यांचं हसू छान होतं, मतं त्यावरच मिळायची. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "कागद वाचून कुणी दाखवला?"

"मी."

"कितवीला हाईस?"

"अकरावीला."

"समानचा अर्थ काय शिकीवलाय कॉलेजात?"

"सारखं."

"ते पुस्तकात," भाऊसाहेब म्हणाले. "नगरपालिकेत समान म्हंजे ज्याच्या त्याच्या मानानं." उठता उठता त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या कायमचं काय झालं रं?"

"पुढल्या सभंत हाय."

"किती वर्सं झाली?"

"अकरा."

"लय झाली," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

पुढची सभा एकोणिसाव्या दिवशी भरली. आई, हिराक्का आणि आळीतल्या पाचसहा बायका बघायला गेल्या. पाणी कमी करायचा ठराव आला तर तिथंच ओरडायचं असं ठरलं होतं. मी आईशेजारी बसले. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं. एका चौकाला नाव देण्यावरून पाऊण तास चर्चा झाली, चौकात तीनच रस्ते येतात त्यामुळं तो चौक धरायचा का, यावर. रबरी शिक्के खरेदीला मंजुरी मिळाली. बाकावरचा एक नवरा झोपला होता, त्याला त्याच्या बायकोनं मतदानासाठी उठवलं. पाण्याचा विषय कुठंच नव्हता. समान पाण्याचा ठराव रद्द करायला कुणाला तरी हात वर करावा लागला असता, आणि निवडणूक आता तीन महिन्यांवर आली होती.

शेवटी भाऊसाहेब उठले. एका गरीब, प्रामाणिक कर्मचाऱ्यावर अकरा वर्षं अन्याय झाला आहे, असं म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला. बिरू यांना आजपासून नगरपालिकेच्या कायम सेवेत घेण्यात यावे. सर्वानुमते. आबांना आत बोलावलं, हार घातला. हिराक्कानं टाळ्या वाजवल्या, आईचे डोळे भरले. मग कारकुनानं पुढचं वाचलं. नेमणुकीचं पद, कोंडवाडा रक्षक. पाणी सोडण्याचं काम तूर्त भाऊसाहेबांच्या ड्रायव्हरच्या भावाकडं.

अकरा वर्षं जे पुढं ढकललं ते दीड मिनिटात झालं. मी मोजलं होतं, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि ते त्या दिवशी चालू होतं. आबांच्या गळ्यात हार, हातात कारकुनानं दिलेलं पेन. त्यांनी आमच्याकडं बघितलं. आई खाली बघत होती. हिराक्का त्यांच्याकडं सरळ बघत होती. आबांनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून आमचा नळ पुन्हा खोकायला लागला. ठराव जागच्या जागी राहिला, त्याला कुणी हात लावला नाही. अजूनही तो इतिवृत्ताच्या वहीत असेल. आईनं घागर घेतली आणि खाली रांगेत जाऊन उभी राहिली. मीही दुसरी कळशी घेऊन गेले. हिराक्काचा नंबर आमच्या पुढं होता. तिनं आपली घागर भरली, उचलली, आणि जाता जाता अगदी साध्या आवाजात आईला विचारलं, "पेढं न्हाई वाटलंस व्हय?"

मी त्या संध्याकाळी आबांना विचारलं, सही का केली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. मग म्हणाले, "अकरा वर्सं लय असत्यात, सुमे." मला ते उत्तर पटलं नाही. मी त्यांच्याशी नीट बोलायला पुढचे काही महिने तयार नव्हते. सोळाव्या वर्षी माणसाला सगळं सरळ दिसतं. पुढं मी स्वतः सांगलीकडच्या एका नगरपालिकेत लागले, तेही सभेच्याच शाखेत. "पुढील सभेत ठेवण्यात यावा" हे वाक्य मी तीस वर्षं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. पगार घेतला, पेन्शन घेणार आहे. ज्यांचे विषय मी पुढं ढकलले त्यांच्या घरी कोण पोरगी काय विचारत होती, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा आबांना मी फार बोलू नये हेच बरं.

कोंडवाडा गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला होता. त्याला उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती आणि जनावर एकही नव्हतं, कारण गावातली मोकाट जनावरं बहुतेक नगरसेवकांचीच होती. आबांना खाकी कपडे, टोपी आणि शिट्टी मिळाली. मेंढरांमागं वाढलेला माणूस रिकाम्या वाड्याचं दार उघडून बसायचा आणि संध्याकाळी लावायचा. एकदा एक म्हैस आपणहून आत आली. आबांनी नियमाप्रमाणं तिची नोंद केली. ती भाऊसाहेबांच्या पुतण्याची निघाली आणि आबांना ती दावं धरून, चालत, बंगल्यापर्यंत पोचवावी लागली. घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "म्हैस गरीब हुती." आई हसली नाही. त्या काळात ती त्यांना वाढून आत जायची आणि एकटी जेवायची. तिनं भांडण केलं नाही. तिला त्यांचं कायम होणं हवं होतं, तिनंच अकरा वर्षं त्यासाठी उपास केले होते, आणि आता ते मिळाल्यावर त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

निवडणूक झाली, भाऊसाहेबच आले. पुढच्या उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या भावानं आमची दहा मिनिटं सहावर आणली. हिराक्कानं पुन्हा मोर्चा ठरवला. आदल्या दिवशी आई तिच्या घरी गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. सकाळी आईनं मोठा हंडा काढला, पदर खोचला आणि आबांना म्हणाली, "मी मोर्च्याला चाललेय."

"जा," आबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मला बी आज कचेरीवर बोलावलंय."

ते कशासाठी, हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं. मागच्या वेळी बायका पायऱ्यांवर आल्या होत्या, म्हणून या वेळी नगरपालिकेनं फाटक बंद ठेवायचं ठरवलं होतं आणि खाकीतले सगळे कर्मचारी फाटकाच्या आत उभे केले होते. मधोमध, कडीपाशी, आबा. बायका घोषणा देत आल्या आणि फाटकापाशी थांबल्या. हिराक्का आणि आई पुढं. आई आणि आबांच्या मधे लोखंडी गज होते आणि एक हात अंतर. हंडे वाजायचे थांबले. वरच्या खिडकीत भाऊसाहेब उभे होते, ते मला स्पष्ट दिसले.

"आवं," आई म्हणाली, रोज घरात म्हणायची तशीच. "बाजूला व्हा."

आबांनी तिच्याकडं बघितलं, डोक्यावरच्या रिकाम्या हंड्याकडं बघितलं. मागून कारकून ओरडला, बिरू, उघडायचं नाही. आबांनी कडी काढली, फाटकाचा एक पल्ला ओढून भिंतीला लावला, मग दुसरा, आणि टोपी नीट करून बाजूला उभे राहिले. बायका आत गेल्या. त्या वेळी त्या पायऱ्यांवर थांबल्या नाहीत, सभागृहात शिरल्या आणि नवऱ्यांच्या बाकासकट सगळ्या जागांवर बसल्या. दिवसभर उठल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत टेकाला पंचवीस मिनिटं मिळाली. समान नव्हती, पण रोज यायची, आणि मी गाव सोडेपर्यंत ती कुणी कमी केली नाहीत.

त्या संध्याकाळी आईनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचा म्हाद्या केला. आबांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली.

मग आई म्हणाली, "कारकुनानं तुमचं नाव लिहून घेतलंय. फाटक उघडलं म्हणून. सायबाकडं जानार हाय."

आबांनी भाकरीचा तुकडा म्हाद्यात बुडवला. "लिवू दे की," ते म्हणाले. "आता मी कायम हाय."